झाकण माझ्याकडं राहिलं

कुरुळी, ८ जानेवारी, गुरुवार

स्वरूपा,

आशीर्वाद लिहीत नाही. तुला नको असतील आणि मलाही द्यायची सवय राहिली नाही. मी कुसुम, रविराजची आई. अक्षरावरून ओळखलंच असशील. तिसरीतनं शाळा सुटली तेव्हा जसं होतं तसंच आहे, पुढं वाढलं नाही.

तुझा फोन लागत नाही. नऊ वर्षांपूर्वीचा नंबर कोण ठेवतं म्हणा. पत्ता तुमच्या लग्नपत्रिकेवरनं घेतला. पत्रिका मी टाकली नव्हती, पिठाच्या डब्याखाली अंथरली होती. गणपतीचं तोंड झिजून गेलंय, पत्ता शाबूत आहे. किल्ल्याच्या आत, पोस्टाच्या मागं, रेवदंडा.

लिहायचं कारण, मी तुमचं गाव बघायला येणार आहे. नीट वाच, गाव बघायला. तुला भेटायला नाही. लग्नात वऱ्हाड घेऊन आलो तेव्हा मांडवाच्या बाहेर काही बघणं झालं नाही. नवी सून म्हणून आलीस तेव्हा तू भाकरी थापता थापता सांगायचीस, आमच्या अख्ख्या गावाला भिंत आहे, भिंतीच्या आत माणसं राहतात, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि पलीकडं समुद्र. मी म्हणायचे, भिंत तर आमच्या कंपन्यांनाही असते, तिच्या आतही माणसंच असतात. तू गप्प बसायचीस. मला वाटायचं, बोलण्यात जिंकले.

आता एसटी मला फुकट झालीय. पंचाहत्तरीच्या वरच्यांना तिकीट नाही. मी आहे बहात्तरची. पण इथं आधारचा कॅम्प लागला होता तेव्हा त्या माणसानं विचारलं, जन्म कधीचा. मी म्हटलं, बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला होते आणि लग्न झालेलं होतं. त्यानं मनाशी काहीतरी हिशेब केला आणि सहा वर्षं जास्तीची टाकून दिली. तेव्हा मी त्याच्याशी भांडले होते. आता म्हणते, असू दे. माझ्या आयुष्यात फुकट मिळालेली तेवढीच.

इकडची खबर. रविराज लाइनवर सुपरवायझर झालाय. घोरतो. माझे गुडघे गेलेत. मार्केटला कांदा निवडायला जायचं त्यानं बंद करायला लावलं, सुपरवायझरची आई गोणीवर बसलेली बरी दिसत नाही म्हणतो. त्याचं आता परत जमवतायत. मुलगी उदगीरकडची, दिपाली नाव. तिचंही पहिलं मोडलेलं. पंचवीस तारखेला रविवारी तिची माणसं येणार आहेत. तिच्या बापाचा निरोप आहे की पहिली बायको का गेली ते पोराच्या आईच्या तोंडून ऐकायचंय. त्यामुळं सध्या मला सकाळचा चहा हातात मिळतो.

मी काय सांगायचं ते रविराजनं मला नीट पढवलंय. अवघड नाही. एकदा सांगून झालेलंच आहे.

तुमची पोरगी, अनुया, दहावीत असेल ना आता?

कुसुम


रेवदंडा, १९ जानेवारी, सोमवार

स्वरूपा,

आधीचं पत्र पोस्टात टाकलं नाही. पेटीसमोर ट्रक उभा होता. दुसऱ्या दिवशी नव्हता, तेव्हा पत्र घरी होतं. असं करत करत राहिलं.

आणि आता मी तुमच्या भिंतीच्या आत बसून लिहितेय.

रविराजला सांगितलं, आकुर्डीला मावसबहिणीकडं दोन दिवस जाते. तो म्हणाला, रविवारच्या आत ये. मी नसले तर त्याला कुणी पाणी तापवून देणार नाही म्हणून नव्हे, रविवार आहे म्हणून.

पहाटेच्या कंपनी बसांच्या गर्दीतनं वल्लभनगर स्टँडवर आले. कंडक्टरनं आधार कार्ड उलटंसुलटं केलं.

"आजी, अठ्ठ्याहत्तर? वाटत न्हाई."

"मग काय पडून दाखवू?"

मागच्या सीटवरची माणसं हसली. त्यानं शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. शून्याचंही तिकीट असतं, मला माहीत नव्हतं. जपून ठेवलंय.

घाटात एक बाई ओकली, बाकी प्रवास बरा. अलिबागला गाडी बदलली. मांडीवर डबा घेऊन बसले होते, भाकरी, ठेचा, शेंगाची चटणी. डबा तुझाच. तुझ्या लक्ष्मणराव मामांनी लग्नात दिलेला, झाकणावर नाव घातलेला, "स्वरूपा हिस मामाकडून". तू गेलीस तेव्हा भांडी मागं राहिली. मी वापरते. खोटं कशाला लिहू.

गाडी वेशीतनं आत शिरते तेव्हा मी मान बाहेर काढली होती. काळी भिंत, तिच्यावर झाडं, झाडांच्या मुळ्या दगडांत घुसलेल्या. मला वाटलं, आता आत तोफा, शिपाई असं काहीतरी असेल. तर आत किराणा दुकान, मोबाइलचं दुकान, शाळा, वाळत घातलेली चड्डी. एक तोफ होती, पण तिच्यावर मांजर झोपलेलं. तू म्हणायचीस ते खरं होतं, माणसं राहतात. मी एवढी वर्षं धरून चालले होते की तू माहेरची बढाई मारतेस.

मग फिरले. बघायला पैसे लागत नाहीत हे तुमच्या गावाचं मला आवडलं. उंच मनोरा आहे त्याला सातखणी म्हणतात. मला सात खण काही सापडले नाहीत. एका माणसाला विचारलं तर म्हणाला, वरचे पडले. मी म्हटलं, मग नाव बदला. तो म्हणाला, नाव कशाला बदलायचं, पडले म्हणून काय होते ते नव्हते होत नाहीत. चांगला बोलला. काम काही करत नसावा.

समुद्र पाहिला. सगळे म्हणतात पोट भरत नाही बघून. माझं पंधरा मिनिटांत भरलं. एवढं पाणी आणि एक घोट पिता येत नाही, ह्याच्यापुढं बसून करायचं काय? वाळूत बसून अर्धी भाकरी खाल्ली. शेजारी कुणी असतं तर समुद्राला आणखी नावं ठेवता आली असती. एकटीनं नावं ठेवण्यात मजा नाही.

राहायचं म्हणून एका घरगुती खानावळीत गेले. मालकीण चित्रा, चाळिशीची, अंगात नायटी, वर ओढणी. 

"एकट्याच का आजी? खोली दीड हजार."

"खोली नको. पडवी केवढ्याला?"

"पडवी देत न्हाय आमी."

"देत नाहीस म्हणजे कुणी मागितली नाही."

तेवढ्यात तिच्या पडवीत कांद्याची गोणी दिसली. तोंड शिवलेलं होतं त्या टाक्यावरनं ओळखलं, आमच्या चाकण मार्केटच्या बायका असाच दुहेरी टाका घालतात. वरनं चांगली, खालनं ओलीचा वास. मी म्हटलं, ही गोणी चार दिवसांत तुझं घर नासवणार आहे, निवडून देऊ का. तिनं माझ्याकडं बघितलं. मी बसलेसुद्धा. बोटं विसरली नव्हती. चांगला एकीकडं, बारीक चिंगळी एकीकडं, सडका बाहेर. दीड तासात गोणी निवडली. तिनं पडवीत गादी घातली आणि ताटात बांगडा वाढला. तळलेला. मी दोन खाल्ले.

जेवताना मी सहज विचारावं तसं विचारलं, इथं पोस्टाच्या मागं कुणी स्वरूपा म्हणून राहते का.

"शिवणकाम करते ती? माझे ब्लाऊज तीच शिवते की. तुमची कोण?"

"कोण नाही. कुरुळीला आमच्या गल्लीत होती."

"गुणाची बाई. लय भोगलं तिनं. नवरा मारायचा. आणि सासू म्हणे बघत बसायची." चित्रा माझ्या ताटात भात वाढत होती. "ती सासू मेली म्हणा. सुटली बिचारी."

मी विचारलं, "कशानं मेली?"

"ते काय विचारलं न्हाय. कढी घेता?"

मी कढी घेतली. चांगली होती.

आता ती आत टीव्ही बघतेय आणि मी पडवीत गादीवर लिहितेय. तुझं घर इथनं तीन गल्ल्या सोडून आहे. मी मेले असं तू सांगतेस ह्याचा मला राग आला नाही, एवढंच लिहायचं होतं. तुझ्या जागी मी असते तर तेराव्याचं जेवणही घातलं असतं.

कुसुम


अलिबाग स्टँड, २० जानेवारी, मंगळवार

स्वरूपा,

गाडीला वेळ आहे. बाकड्यावर बसून लिहितेय, अक्षर हलेल.

सकाळी तुझ्या घरासमोर आले होते. तू मागच्या दारी होतीस, पोफळीला पाणी घालत. पाठमोरी. केस कमी झालेत तुझे. पाइप हातात धरून तू कुणाला तरी फोनवर सांगत होतीस, अस्तर तुम्ही आणून द्या, मी शिवते. आवाज मोठा झालाय. आमच्या घरी तुझा आवाज स्वयंपाकघराच्या बाहेर येत नव्हता.

मी दगडी कुंपणाच्या, तुमच्याकडं गडगा म्हणतात त्याच्या, अलीकडं उभी. हाक मारायला तोंड उघडलं आणि काय हाक मारायची ते सुचेना. मेलेली बाई काय म्हणून हाक मारणार?

म्हटलं, डबा तरी ठेवून जावा. तुझाच आहे. पण तो रिकामा झालेला. परत करायचं भांडं रिकामं देऊ नये एवढं मला कळतं. पिशवीत काय होतं, तर चित्रानं निघताना दिलेले चार कांदे. मी निवडलेल्यातलेच. ते डब्यात घातले. एक जरा मोठा होता, झाकण बसेना. दाबत होते, तेवढ्यात फाटक वाजलं आणि सायकल घेऊन पोरगी बाहेर आली. दोन वेण्या, चष्मा. चष्मा कधी लागला तिला?

मी डबा गडग्यावर ठेवला आणि बाजूला झाले.

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आजी, किल्ला बघायला आलात का?"

मी म्हटलं, "व्हय."

"मग इकडं काय न्हाय. त्या गल्लीनं सरळ जा, बुरूज लागेल. जपून चढा, शेवाळ आहे."

आणि गेली. आजी म्हणाली. सगळ्याच म्हाताऱ्या बायकांना म्हणतात तसं म्हणाली. मी तिनं सांगितलेल्या गल्लीनं सरळ गेले. बुरूज लागला. शेवाळ होतं.

चढले नाही, खाली दगडावर बसले. तिथं बसून जे आठवलं ते लिहिते, मग गाडी आली तर अर्धं राहायला नको.

त्या दिवशी तू भाजी करपवली होतीस. रविराज सेकंड शिफ्ट करून आलेला, पायातले बूट काढत होता. कंपनीचे सेफ्टी बूट, पुढं लोखंड असतं त्यात. एक बूट काढला आणि तोच हातात घेऊन उठला. मी ओट्याशी होते. मला दिसत होतं. अनुया दाराच्या पडद्यात होती, तिलाही दिसत होतं. तू पहिल्यांदा ओरडलीस तेव्हा मी शेंगदाणे मिक्सरमध्ये टाकले आणि मिक्सर लावला. शेंगदाण्याचं तेल सुटलं तरी चालू ठेवला. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. तो काही पहिला दिवस नव्हता आणि ते काही पहिले शेंगदाणे नव्हते. तू मला एकदा विचारलं होतंस, आई, आपल्या घरी एवढी चटणी कोण खातं. तुला कळलं होतं.

मग तुझ्या मामांनी आकुर्डीला त्यांच्या घरी बैठक बसवली. तू तोंडावरची सूज दाखवलीस. रविराज म्हणाला, मोरीत पडली. मामा म्हणाले, आम्ही कुणाचं ऐकत नाही, पोराच्या आईनं बेलभंडार उचलावा, ती म्हणेल ते खरं. पाटावर बेलाचं पान ठेवलं, त्याच्यावर खंडोबाचा भंडारा. तू माझ्याकडं बघत होतीस. तुला वाटलं होतं, देवाच्या हळदीला हात लावून बाई खोटं बोलणार नाही.

मी उचलला. म्हटलं, माझ्या पोरानं हिला बोट लावलं नाही.

तुझे मामा त्या मिनिटापासून तुझ्याशी बोलले नाहीत. तू पोरीचा हात धरलास आणि नेसत्या कपड्यानिशी तशीच गेलीस.

लोक म्हणतात, खोटा भंडारा उचलला की वर्षाच्या आत देव दाखवतो. मी वाट बघितली. काही झालं नाही. गुडघे दुखतात, ते माझ्या वयाच्या सगळ्यांचेच दुखतात. पोराला प्रमोशन मिळालं. देवानं काहीच केलं नाही, ते मला जास्त जड गेलं.

गाडी लागली.

कुसुम


कुरुळी, २६ जानेवारी, सोमवार

स्वरूपा,

काल ती माणसं आली. झालं ते जसंच्या तसं लिहिते, मला सजवता येत नाही.

दिपालीचा बाप ज्योतीराम, तिचा भाऊ, आणि ती स्वतः. पोरगी बत्तिशीची, अंगानं बारीक. पोहे खाताना सारखी दाराकडं बघत होती, चप्पल कुठं काढली ते लक्षात ठेवावं तशी. रविराज इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. दिसतो चांगला, ते कुणी नाकारत नाही.

ज्योतीराम म्हणाला, "ताई, राग मानू नका. लेक एकदा पोळलीय. पैलीचं काय झालं ते तुमीच सांगा."

रविराजनं मला डोळ्यानं खुणावलं. मी पढवलेलं म्हणायला घेतलं, पहिली तापट होती, माहेरची ओढ फार. निम्मं म्हणून झालं. ज्योतीराम मान डोलवत होता. मग त्यानं खिशातनं कागदाची पुडी काढली आणि टीपॉयवर सोडली. पिवळी हळद, वर बेलाचं पान, गाडीत चुरगळलेलं.

"आमच्यात ह्याच्यावर हात ठेवल्याबिगर पुढची बोलणी न्हाई होत. आईनं उचलायचा."

"उचलंल की," रविराज म्हणाला. "मागं पण उचललाय तिनं. आई, घे."

घे म्हणाला. साखर घे म्हणावं तसं.

मी उचलला. म्हटलं, "माझा पोरगा बायकोला मारत होता. शेवटी बुटानं मारलं, कंपनीच्या. मी बघत होते. मागच्या टायमाला ह्याच हातानं खोटा उचलला होता. हा खरा."

टीव्हीवर परेडची जाहिरात चालू होती. कुणी बंद केली नाही.

रविराज म्हणाला, "म्हातारीचं डोकं फिरलंय, मनावर घेऊ नका."

ज्योतीराम त्याच्याकडं बघत होता. पोरगी माझ्याकडं. आल्यापासून पहिल्यांदा बोलली, "किती वेळा, आई?"

मी म्हटलं, "मोजलं नाही, बाई. मिक्सर किती वेळा लावला ते मोजलं असतं तर सांगता आलं असतं."

तिला ते कळलं. समजावून सांगावं लागलं नाही. ती उठली आणि चप्पल घालून जिन्यात जाऊन उभी राहिली. भाऊ मागोमाग गेला. बापानं हळदीची पुडी परत बांधली, नीट, घडीवर घडी घालून, आणि मला म्हणाला, "येतो, ताई." रविराजला काही म्हणाला नाही.

दार लागल्यावर मला वाटलं, आता माझ्यावर हात टाकणार. टाकला नाही. खुर्चीत बसला. लहान असताना फी भरली नाही म्हणून शाळेतनं परत पाठवायचे तेव्हा असाच बसायचा. मला दया आली. आली ते लिहिते. आई आहे मी त्याची, ते काही बेलभंडारानं सुटत नाही.

मग म्हणाला, "मी पाच वर्षं दारूला शिवलो नाही. तुला माहितीय."

"माहितीय."

"मग हे आत्ता सांगायची काय गरज होती?"

"तू घे म्हणालास म्हणून."

"तुझ्यासाठी कुणी करायचं आता? मी तर न्हाई करणार. तू मला मेलीस."

मी म्हटलं, "बरं. तिकडंही मेलेलीच आहे." त्याला ते कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही.

आज सुट्टी आहे, तो घरात आहे. आमचं दोन खोल्यांचं घर. तो आतल्या खोलीत असला की मी बाहेरच्या, मी आत गेले की तो बाहेर. चहा मी दोन कप केला, त्याचा तसाच राहिला. साय धरली त्याच्यावर.

कुसुम


चाकण, ५ फेब्रुवारी, गुरुवार

स्वरूपा,

पत्ता बदललाय, म्हणून हे. मार्केटच्या मागं पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यातली चार नंबरची मी घेतलीय. रविराजनं काढलं नाही. मीच निघाले. त्यानं कुणाकडं बघायचं ह्याचा त्याला त्रास होत होता, आणि मला कुणाशी भांडायचं ह्याचा. निघताना त्यानं गॅसची शेगडी रिक्षात ठेवून दिली. मिक्सर पण देत होता, तो मी घेतला नाही.

सकाळी सातला गोणीवर बसते. सुपरवायझरची आई आता कुणाची कुणी नाही, त्यामुळं चालतं. बायका सगळ्या नव्या आहेत, कुणी यवतमाळची, कुणी नांदेडची. मला बोलायला घेतात. पण दुपारी जिचा तिचा फोन लागतो आणि सगळ्या आपापल्या पोरांशी बोलायला लागतात, तेव्हा मी कांद्याचे दोन ढीग जास्तीचे निवडते. मुकादम खूश आहे.

परवा आकुर्डीला तुझ्या मामांकडं गेले होते. लक्ष्मणराव आता थकलेत, कानात मशीन आहे. दारातच सांगितलं, मागचा भंडारा खोटा होता, तुमची भाची खरं बोलत होती. त्यांना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. ते वाक्य मला दोनदा ओरडून सांगावं लागलं, वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी उघडली. त्या वेळी मिक्सर लावून झाकलेलं, आता सोसायटीला ओरडून सांगितलं. बरं झालं.

ते म्हणाले, "बाई, तुमच्या शब्दावर मी बहिणीच्या पोरीला दार लावलं. आता मी कुठल्या तोंडानं उघडू?"

मी म्हटलं, "तोंड माझंही तसलंच आहे. तरी आले की नाही?"

पाणी विचारलं नाही त्यांनी. मी जिना उतरले तेव्हा ते कठड्याशी उभे होते. ते तुला फोन करतील की नाही मला सांगता येत नाही. केला तर उचल एवढंच.

आता कामाचं. खालचं मी वेगळं लिहून देते, कधी कुठं दाखवावं लागलं तर हे पान फाडून दाखव. मी कुसुम, राहणार चाकण, लिहून देते की माझा मुलगा रविराज हा त्याची बायको स्वरूपा हिला मारत असे, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि तिनं घर सोडलं ह्यात तिचा दोष नाही. हे मला कुणी पढवलेलं नाही. खाली सही केलीय. अंगठाही उठवलाय, कारण सही माझी दर वेळी वेगळी येते.

ही पाचही पत्रं एकाच पाकिटात घालतेय. पोस्टातल्या बाईनं वजन करून बघितलं आणि म्हणाली, आजी, एवढं काय लिहिलंय. मी म्हटलं, उशीर.

अजून एक राहिलं. त्या दिवशी तुझ्या गडग्यावर उघडा डबा सापडला असेल, आत चार कांदे. करणीबिरणी केली समजून फेकून दिला असशील तर मी समजू शकते. पण तो तुझा डबा होता. पोरगी बाहेर आली तेव्हा गडबडीत झाकण माझ्या पिशवीत राहिलं. अलिबागच्या स्टँडवर चष्मा काढायला हात घातला तेव्हा लागलं. डब्यावर नाव नाही, नाव सगळं झाकणावर आहे. म्हणजे तुझ्याकडं बिननावाचा डबा आणि माझ्याकडं तुझं नाव. असा शहाणपणा माझ्याकडनंच व्हायचा.

झाकण घासून ठेवलंय. ते पोस्टानं पाठवता येतं, मी विचारून घेतलंय. नाहीतर मी घेऊन येते. एसटी फुकटच आहे, आणि राहायला चित्राची पडवी आहे, तिची दुसरी गोणी एव्हाना आलीच असेल. तुझ्या दारात चहा मागणार नाही.

ह्या दोन्हीतलं कुठलं करू ते लिही. सोबत एक कोरं कार्ड घातलंय, त्याच्यावर पत्ता घालून ठेवलाय. काहीच लिहावंसं वाटलं नाही तर तसंच कोरं टाक, मग मी पोस्टानं पाठवून देईन आणि परत लिहिणार नाही.

पत्त्यात माझं नाव आहे. तुमच्या पोस्टमनला तुझी सासू मेल्याचं माहीत असेल आणि तुला अडचण वाटली, तर नाव खोड. नुसतं खोली नंबर चार, कांदा मार्केटच्या मागं, चाकण, एवढ्यावरही पोचतं. इथं चार नंबरला मी एकटीच राहते.

कुसुम